२२ महिन्यांचा मुलगा, शब्द जेमतेम आठ : वाट पाहावी की तपासून घ्यावे?

नळस्टॉप :

नमस्कार. आमचा मुलगा आता २२ महिन्यांचा आहे आणि त्याच्या बोलण्याविषयी घरीदारी इतकी मते मिळाली आहेत की नेमके काय करावे, हे आम्हा दोघांनाही कळेनासे झाले आहे. म्हणून सविस्तर लिहिते आहे. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

बाळंतपण पूर्ण दिवसांचे होते. जन्मानंतर रुग्णालयातच त्याच्या कानांची प्राथमिक चाचणी झाली आणि ती व्यवस्थित आली. पालथे पडणे, रांगणे, चालणे हे सगळे वेळच्या वेळी झाले. बोलण्याचे गाडे मात्र अडले आहे. 'आई', 'बाबा', 'मम', 'भू', 'भुर्र', 'नाई', 'दे' आणि गाडीसाठी 'डी' एवढेच तो म्हणतो, आणि त्यातले 'मम' हे पोळी, पाणी, केळे अशा सगळ्यांसाठी चालते. दोन शब्द जोडून त्याने अद्याप काहीही म्हटलेले नाही. आमच्या सोसायटीतली त्याच्याच वयाची एक मुलगी 'बाबा ऑफिसला गेला' असे सरळ सांगते, त्यामुळे तुलना करायची नाही असे ठरवून खाली उतरले तरी ती होतेच.

समजते मात्र त्याला पुष्कळ. 'बाबांची चप्पल आण' म्हटले की तो दारातल्या जोडांतून बरोबर बाबांचीच चप्पल उचलून आणतो. बिस्किट हवे असेल तर माझे बोट धरून ओट्यापाशी नेतो आणि वरच्या डब्याकडे हात करतो. सकाळी घंटागाडीचे गाणे लांबून ऐकू आले की गॅलरीत धावतो, गाडी वळणावर दिसली की बोट दाखवतो आणि मी पाहते आहे ना, याची वळून खात्री करून घेतो. हाक मारली की बहुतेक वेळा बघतो, खेळात गुंगलेला असला तर बघत नाही. कुकरची शिट्टी झाली की दचकतो, म्हणून ऐकू येत असणार, असे आम्ही धरून चाललो आहोत. सर्दी मात्र त्याला वरचेवर होते, विशेषतः पाळणाघरात जाऊ लागल्यापासून.

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि माझे कार्यालय हिंजवडीला असल्यामुळे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळणाघरात असतो. तिथल्या ताई मराठी बोलतात, मदतनीस बाई हिंदी बोलतात, आणि मधल्या वेळात जो खेळगट चालतो तिथे सगळे इंग्रजीत असते. घरी मराठीच आहे. जेवताना मोबाइलवर काहीतरी लावून दिल्याशिवाय त्याचा घास उतरत नाही.

आता मते ऐका. सासूबाई म्हणतात की त्याचे बाबा तिसरे वर्ष लागेपर्यंत बोलले नव्हते आणि मुलगे उशिराच बोलतात. माझी आई मधात वेखंड उगाळून जिभेवर लावायला सांगते. शेजारच्या काकूंना त्याची जीभ खालून चिकटलेली असावी असे वाटते. खेळगटाच्या बाईंचे म्हणणे असे की तीन भाषांमुळे तो गोंधळला आहे, पुढे शाळा इंग्रजीच असणार, तेव्हा घरीही आतापासून इंग्रजीच बोला. दीड वर्षाच्या लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना विचारले, तेव्हा त्यांनी दोन वर्षांपर्यंत वाट पाहू असे सांगितले. दोन वर्षे पूर्ण व्हायला आता फार दिवस राहिलेले नाहीत. तोवर थांबावे, की आधीच कोणाला दाखवावे? दाखवायचे तर पुण्यात सुरुवात कुठून करावी? आणि भाषेचे काय करावे?


आजोळ :

इतके मनाला लावून घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून मुलगा चांगला चुणचुणीत दिसतो. बाबांची चप्पल ओळखून आणणारे मूल मठ्ठ नसते. आमच्या घरात माझे दीर, माझा थोरला मुलगा आणि आता नातू असे तिघेही उशिरा बोलले. थोरल्याने तर तोंड उघडले ते एकदम वाक्यानेच, आणि आता त्याला गप्प करावे लागते. आमच्या लहानपणी अशा मुलाला पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊ घालत, त्याने काही होत असेल असे मी म्हणत नाही, पण त्या निमित्ताने घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहत असे. आजकाल सगळ्याच गोष्टींचे तक्ते झाले आहेत आणि तक्त्यात बसले नाही की आईबाप हवालदिल होतात. तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायला हरकत नाही, असे माझे मत आहे. मोबाइल मात्र आजच बंद करा.


श्रवणवाचा :

मी पुण्यात बरीच वर्षे श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. मूल प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही आणि तसे कोणी करत असेल तर त्यावर विसंबूही नये, परंतु तुम्ही निरीक्षण इतके बारकाईने लिहिले आहे की पुढची दिशा नक्की सांगता येते.

आधी जे चांगले आहे ते. घंटागाडीकडे बोट दाखवून तो वळून तुमच्याकडे पाहतो, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे. काही हवे म्हणून बोट दाखवणे वेगळे आणि 'हे बघ, मला गंमत दिसली' एवढेच सांगण्यासाठी बोट दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मूल आपले लक्ष समोरच्या माणसाशी वाटून घेत असते आणि भाषा याच वाटून घेण्यातून उगवते. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, चाचपणीत आम्ही हेच आधी पाहतो. हाकेला ओ देणे, नजर देणे, नक्कल करणे, बाहुलीला खोटाखोटा घास भरवण्यासारखे लुटुपुटीचे खेळ खेळणे, यांविषयीही तुम्हाला विचारले जाईल, तेव्हा या आठवड्यात त्यांच्याकडे लक्ष ठेवा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी याच चाचपणीची एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली असते; ती बालरोगतज्ज्ञांकडून भरून घ्यावी. ती चाळणी आहे, निदान नव्हे.

आता आकड्यांविषयी. दोन वर्षांच्या मुलाकडे ५० पेक्षा कमी शब्द असले किंवा दोन शब्दांची जोडणी नसली तर त्याला 'उशिरा बोलणारे मूल' म्हणायचे, हा आमच्या क्षेत्रात रुळलेला निकष आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ साली मुलांच्या विकासाच्या टप्प्यांचे आपले तक्ते बदलले आणि ५० शब्दांचा टप्पा ३० महिन्यांवर नेला, त्यामुळे बऱ्याच पालकांचा असा समज झाला की आता आणखी सहा महिने निर्धास्त राहता येईल. खरे तर त्या बदलामागचे तत्त्व उलट दिशेचे आहे. पूर्वीच्या तक्त्यात साधारण निम्मी मुले जिथे पोचतात ते वय असे, नव्या तक्त्यात किमान ७५ टक्के मुले जिथे पोचलेली असतात ते वय धरले आहे. म्हणजे त्या वयालाही टप्पा गाठला नसेल तर 'थोडे थांबू' म्हणण्याला फारशी जागा उरत नाही. दोन शब्द जोडणे मात्र नव्या तक्त्यातही २४ महिन्यांवरच आहे. तुमच्या मुलाचे आठ शब्द त्याच्या वयाला कमी आहेत, हे गोड शब्दांत गुंडाळून सांगण्यात अर्थ नाही.

पण हे आठ खरोखर आठच आहेत का, हे एकदा नीट मोजा. शब्द स्पष्ट असावा लागत नाही. एकाच गोष्टीसाठी मूल दरवेळी तोच आवाज स्वतःहून काढत असेल तर तो शब्दच. गाईला 'हम्मा', मांजराला 'माऊ', लागले की 'बाऊ', जाणाऱ्याला 'टाटा', हे सगळे मोजायचे. पाळणाघरातल्या मदतनीस बाईंकडे तो 'पानी' म्हणत असेल किंवा खेळगटात 'बॉल' म्हणत असेल तर तेही याच यादीत येतात, कारण मूल दोन किंवा तीन भाषांत वाढत असेल तेव्हा सर्व भाषांतले शब्द एकत्र धरावे लागतात. आईला ठाऊक नसलेले चार-पाच शब्द पाळणाघरात सापडणे, हे मी नेहमी पाहते.

आजोळ यांच्या मताचा आदर राखून एक गोष्ट सांगते. बाबा उशिरा बोलले होते, हे ऐकून घरातल्यांना दिलासा मिळतो, पण आमच्याकडे ती माहिती जोखमीच्या रकान्यात लिहिली जाते, कारण भाषेच्या अडचणी घराण्यात चालत येऊ शकतात. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे मागून येतात हेही खरे, परंतु तो फरक काही आठवड्यांचा-महिन्यांचा असतो. आठ शब्दांचा खुलासा त्याने होत नाही. इतर सर्व विकास चांगला असूनही फक्त उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले तीन-चार वर्षांपर्यंत आपोआप बरोबरीला येतात. अडचण इतकीच की, आपले मूल त्या निम्म्यात आहे की उरलेल्यांत, हे २२ व्या महिन्यात कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्या घरांत 'आपोआप बोलला' असे सांगितले जाते, त्या घरांतली जी मुले आपोआप बोलली नाहीत त्यांची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तपासणी करून मग वाट पाहिली तर काही बिघडत नाही. न तपासता वाट पाहिली आणि कानात दोष निघाला तर शिकण्याचे ऐन महिने हातचे जातात.

म्हणूनच पहिली पायरी कानांची. जन्माच्या वेळची चाचणी व्यवस्थित आली होती, एवढ्यावर थांबू नका. ती बहुधा ओएई असावी. त्या चाचणीत आतल्या कानातल्या पेशींचा प्रतिसाद मिळतो, श्रवणाच्या नसेची माहिती मिळत नाही, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांत काय झाले हे तर तिला ठाऊक असण्याचे कारणच नाही. कुकरची शिट्टी हा श्रवणाचा पुरावा नव्हे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकते, त्याने ऐकणे साधारण २५ ते ३० डेसिबलने मंद होऊ शकते. अशा मुलाला शिट्टी, दाराची घंटा, घंटागाडी हे सगळे ऐकू येते, पण बोलण्यातले 'स', 'श', 'फ' यांसारखे हलके ध्वनी आणि शब्दांची शेपटे निसटतात. मराठीत 'ला', 'ने', 'त', 'चा' हे सगळे शेपटातच असते.

जीभ चिकटलेली असण्याने काही अक्षरांचे उच्चार अडू शकतात, पण मूल शब्दच बोलत नाही असे त्याने होत नाही. तुमचा मुलगा 'दे' म्हणतो, म्हणजे जिभेचे टोक दातांपर्यंत पोचते आहे. डॉक्टर एका नजरेत पाहून सांगतील. वेखंडाचे चाटण लहान मुलाला देऊ नये, असेच मी म्हणेन, कारण वेखंडात बीटा-असॅरोन नावाचा घटक असतो, तो घातक ठरू शकतो आणि उगाळलेल्या मात्रेत तो किती गेला हे कोणाला कळत नाही. मधाविषयी म्हणायचे तर एक वर्षाच्या आत तो मुळीच देऊ नये. तुमचा मुलगा ते वय ओलांडून गेला आहे, पण बोलण्याशी त्याचा संबंध नाही.

भाषेच्या बाबतीत खेळगटाच्या बाईंचे ऐकू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलायला उशीर होत नाही, हे संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. शिवाय ज्या भाषेत तुम्हाला रागावता येते, लाड करता येतात, गोष्ट रंगवता येते, ती सोडून तुम्ही मोजक्या इंग्रजी वाक्यांवर आलात तर मुलाच्या कानावर पडणारी भाषा थेट निम्मी होईल. ज्या मुलाला भाषेचीच भूक आहे त्याला कमी वाढून कसे चालेल?

पुण्यात सोय भरपूर आहे. ससून रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग आहे. केईएम रुग्णालयाचे बालविकास केंद्र आहे, जिथे बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ एकत्र काम करतात. धनकवडीला भारती विद्यापीठाचे वाचा व श्रवणशास्त्राचे महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र निदान आणि उपचाराची केंद्रे असतात, तिथे तपासणी विनामूल्य होते. त्याची चौकशी औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या अंगणवाडीत करता येईल. खासगी तज्ज्ञ निवडलात तर त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, हे निःसंकोच विचारा. कोपऱ्याकोपऱ्यावर थेरपी सेंटरच्या पाट्या लागल्या आहेत आणि त्या सगळ्यांच्या आत पदवीधर बसलेले नसतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वयात थांबण्यासारखी नाही : आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव मूल गमावू लागले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत.


रविवारचा_बाबा :

श्रवणवाचा यांनी पडद्यामागच्या पाण्याविषयी लिहिले आहे, त्यावर आमचा अनुभव सांगतो, कारण आमच्या धाकट्या मुलीच्या बाबतीत नेमके तेच होते आणि तिच्याकडे पाहून कोणालाही शंका आली नसती.

तिला कानदुखी कधीच झाली नाही, कान वाहिला नाही, तापही आला नाही. टीव्हीचा आवाज ती वाढवून मागत असे, पण ते सगळ्याच मुलांचे असते असे आम्ही म्हणायचो. पाठीमागून हळू हाक मारली की दुर्लक्ष करायची आणि समोर येऊन बोलले की सगळे ऐकायची, म्हणून तिला आम्ही हट्टी ठरवले होते. एका दवाखान्यात तर 'लाडावलेली आहे, गरजच पडत नाही म्हणून बोलत नाही' असेही ऐकून घेतले. पुढे दुसऱ्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टिंपॅनोमेट्री नावाची चाचणी केली. कानात छोटे बोंडूक बसवतात, हवेचा दाब किंचित कमीजास्त होतो आणि यंत्रावर एक आलेख उमटतो. मूल रडले नाही तर दोन्ही कानांचे काम काही मिनिटांत होते. निरोगी कानाचा आलेख मध्ये टोकदार डोंगर काढतो. आमच्या मुलीचे दोन्ही आलेख सपाट आले. डॉक्टरांनी समजावले की, डोक्यावरून जाड पांघरूण घेऊन आपण बोलणे ऐकावे, तसे ती सगळे जग ऐकत होती.

लगेच शस्त्रक्रिया करायची नसते, हेही मुद्दाम लिहितो, कारण आम्ही तेवढ्यानेच घाबरलो होतो. असे पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरते, म्हणून तेवढा काळ लक्ष ठेवून पुन्हा चाचणी करतात. तरीही ते राहिले आणि ऐकण्यावर परिणाम होत असला तर पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवण्याचा विचार करतात. आमच्याकडे ती वेळ आली. शस्त्रक्रियेनंतर घरी येताना कर्वे रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. तोवर त्या हॉर्नकडे तिने ढुंकूनही पाहिले नव्हते. बोलणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू झाले नाही. शब्द येण्यासाठी वाचा-उपचार आणि घरी बोलणे, दोन्ही बराच काळ चालू ठेवावे लागले. कान उघडला की तोंड आपोआप उघडेल, अशी आशा ठेवलीत तर निराश व्हाल.

तुमच्या मुलाला हेच असेल असे मी म्हणत नाही. पण 'वरचेवर सर्दी' हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, ती ओळ डॉक्टरांसमोर पहिली ठेवा. आणि एक घरगुती पारख करून पाहा : तो पाठमोरा असताना, खोलीत टीव्ही-पंखा बंद करून, त्याच्या आवडीच्या खाऊचे नाव अगदी हळू आवाजात घ्या. एका वेळेवरून काही ठरत नाही, मात्र तो सतत वळत नसेल तर ते लिहून ठेवा.


अंगणातली_ताई :

मी बालवाडीत शिकवत असे आणि आता घरीच पाळणाघर चालवते. वैद्यकीय बाजू वर आली आहेच, म्हणून फक्त रोजच्या बोलण्याविषयी लिहिते.

उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या घरी गेले की मला हमखास एक दृश्य दिसते. मूल मध्ये बसलेले असते आणि भोवताली सगळे जण त्याची परीक्षा घेत असतात. 'हे काय आहे? काऊ म्हण. म्हण ना काऊ. मावशीला म्हणून दाखव.' मूल पहिल्यांदा बघते, मग मान फिरवते आणि शेवटी उठून जाते. प्रश्न विचारणे थांबवा आणि जे चालले आहे ते सांगत राहा. पोळी लाटताना 'पीठ घेतले, गोळा केला, लाटली, आता तव्यावर टाकली, फुगली!' अशी लहान वाक्ये पुरतात. तो 'डी' म्हणाला की 'डी नाही, गाडी म्हण' असे न सुधारता 'हो, गाडी आली, मोठी गाडी' एवढे म्हणावे. त्याच्या एका शब्दाला आपला एक शब्द जोडून परत द्यावा. दोन शब्दांची जोडणी मुलाच्या कानावर अशीच पडते.

दुसरे म्हणजे थांबायला शिका. तो बोट धरून ओट्यापाशी नेतो, तेव्हा डबा लगेच काढून देऊ नका, तसेच 'बोललास तरच मिळेल' असे अडवूनही धरू नका. त्याच्या उंचीला बसा, त्याच्या चेहऱ्याकडे बघा, 'बिस्किट की केळे?' असे दोन्ही हातांत धरून विचारा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. मोठ्या माणसांना ही शांतता फार जड जाते. त्याने नुसते 'बि' म्हटले, बोट केले, काहीही केले तरी 'बिस्किट हवे!' म्हणून आनंदाने द्या.

मोबाइलविषयी आजोळ यांच्याशी मी सहमत आहे, पण दोन वर्षांच्या आतील मुलाला मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच, असे भारतीय बालरोग अकादमीही सांगते, म्हणून हे केवळ जुन्या वळणाचे म्हणणे समजू नका. जेवण ही दिवसातली गप्पांची सर्वांत मोठी संधी असते आणि नोकरी करणाऱ्या आईच्या वाट्याला तेवढीच येते. तीच पडद्याने खाल्ली तर उरते काय? एकदम काढून घेतला तर चार दिवस आकांत होईल, घासही कमी जातील, तो काळ निघून जातो. घरात कोणी पाहत नसताना चालू राहणारा टीव्हीही बंद ठेवा, कारण त्याच्यामुळे मोठी माणसेच मुलाशी कमी बोलतात. चित्रांच्या कार्डांचे गठ्ठे विकत आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा मंडईत न्यावे, तिथे प्रत्येक भाजीला नाव, वास आणि भाव असतो.

पाळणाघरातल्या ताईंनाही हे सगळे सांगा. दिवसातला जागेपणीचा मोठा वेळ तो तिथेच असतो, आणि दहा मुलांत जे मूल शांत बसते त्याच्याशी सर्वांत कमी बोलले जाते, हे मी आमच्याच कामाविषयी सांगते आहे.


नळस्टॉप :

सर्वांचे मनापासून आभार. काल पाळणाघरात विचारले, तेव्हा तो तिथे 'पानी' आणि 'बॉल' म्हणतो, आणि दुसऱ्या एका मुलीला नावाच्या पहिल्या अक्षराने हाक मारतो, असे कळले. पाठमोरा असताना हळू आवाजात 'बिस्किट' म्हटले. एकदा वळला, पुढच्या वेळी नाही वळला. सासूबाईंना श्रवणवाचा यांचे उत्तर वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे एवढेच की तपासणी करायची तर करा, पण पोराला औषध देऊन झोपवून डोक्याला तारा लावतात ते नको. आमच्या नात्यातल्या एका मुलाला बेरा नावाच्या श्रवण-चाचणीसाठी असे झोपवले होते, ते त्यांच्या मनात बसले आहे. शिवाय कालपासून कुटुंबाच्या ग्रुपवर 'मोबाइलमुळे होणारा व्हर्च्युअल ऑटिझम' असा एक संदेश फिरतो आहे आणि तो वाचून माझ्या नवऱ्याची झोप उडाली आहे. या दोन गोष्टींविषयी कृपया सांगाल का?


श्रवणवाचा :

दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती लवकर संपते. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे वैद्यकशास्त्रातले मान्यताप्राप्त निदान नाही. पडदा बंद केल्यावर काही मुलांचे बोलणे आणि लक्ष सुधारते, ही गोष्ट आम्ही पाहतो आणि तेवढ्यासाठी पडदा बंद करणे योग्यच आहे, पण त्या संदेशांमुळे दोन्हीकडून नुकसान होते : ज्यांच्या मुलाला खरोखर स्वमग्नता आहे ते पालक स्वतःला दोष देत बसतात, आणि ज्यांनी तपासणी करायला हवी ते मोबाइल काढून घेऊन सहा महिने निश्चिंत होतात. तुम्ही सांगितलेल्या खुणा पाहता तुमच्या यजमानांनी झोप उडवून घेण्याचे कारण मला दिसत नाही. प्रश्नावली भरली की चित्र अधिक स्पष्ट होईल.

सासूबाईंना सांगा की पहिल्याच भेटीत बेरा करावी लागेल असे नाही. तुमच्या मुलाच्या वयाला जागेपणी करता येणारी एक चाचणी असते. मूल आईच्या मांडीवर बसते, एका बाजूने आवाज येतो आणि त्या आवाजाकडे मान वळवली की तिथले खेळणे उजळते किंवा हलते. हळूहळू आवाज कमी करत नेतात आणि कोणत्या पातळीपर्यंत मूल वळते हे पाहतात. तिच्या जोडीला टिंपॅनोमेट्री आणि ओएई या दोन्ही चाचण्या जागेपणीच होतात. या तिन्हींचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले आणि चांगले आले तर बेराची गरज बहुधा पडत नाही. जुळले नाहीत, किंवा मुलाने दादच दिली नाही, तरच बेरा सुचवली जाते. तिच्यात कपाळावर आणि कानांमागे चिकटवलेल्या छोट्या पट्ट्यांतून नसेचा आणि मेंदूचा प्रतिसाद फक्त नोंदवला जातो, मुलाला विजेचा झटका वगैरे काही दिला जात नाही. झोप नैसर्गिक असली तर उत्तमच. त्यासाठी दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्यावी, त्या दिवशी सकाळी लवकर उठवावे आणि वाटेत गाडीत झोपू देऊ नये. औषध द्यायचेच झाले तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वजनानुसार आणि तिथेच दिले जाते; घरून काही पाजून नेऊ नये.

सध्या सर्दी असेल तर वेळ रद्द करू नका. पाणी साठले असेल तर ते आता दिसेल, मात्र त्या दिवशीचा ओएईचा निकाल खराब आला तर लगेच मोठे अनुमान न काढता सर्दी गेल्यावर ती चाचणी पुन्हा करून घ्यावी. आता त्याचे शब्द अकराच्या आसपास झाले आहेत, ती यादी तारखेसह बरोबर न्या. जन्माच्या वेळच्या चाचणीचा कागद फाइलमध्ये असेल तर तोही न्या, म्हणजे ती ओएई होती की दुसरी कोणती, हे कळेल. दवाखान्यात बहुतेक मुले तोंडाला कुलूप लावून बसतात; म्हणून घरी ओट्यापाशी, गॅलरीत आणि पाळणाघरात तो जे बोलतो त्याचे लहान लहान व्हिडिओ काढून ठेवा, आणि ते काढताना त्याला 'बोल, बोल' म्हणू नका.